अकरा खिळे

पप्पांनी ट्रेडल घेतलं भंगाराच्या भावानं,
लक्ष्मीपुरीतल्या बंद पडलेल्या छापखान्यातून.
सोबत टाइपाच्या सात पेट्या
आणि बाबालाल मुजावर,
जे मशीनबरोबरच आले,
कारण दुसऱ्या कुणाचं ते मशीन ऐकत नसे.

खोली शाहूपुरीत, गुळाच्या वखारीला चिकटून,
मधली भिंत अर्धी विटांची, अर्धी पत्र्याची.
दिवसभर गुळाच्या रव्यांची लेबलं,
लग्नपत्रिका, तालमीची पावतीपुस्तकं.
साडेपाचला पप्पा घासलेटनं हात धुवायचे,
म्हणायचे, आता त्याचं काम.

मम्मीच्या पाटल्या त्यात गेल्या.
ती कधी बोलली नाही.
मनगटं मात्र बरेच दिवस पदराखाली,
रविवारी उपासनेतसुद्धा.

पहिलं पुस्तक बत्तीस पानांचं:
आजाऱ्याच्या उशाशी म्हणायच्या प्रार्थना.
मिशन दवाखान्यात कंपाउंडर असताना
पप्पांनी त्या लिहिल्या होत्या रात्रपाळीत,
औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर.

जुळवायला बसले
आणि तिसऱ्या पानावर हात थांबला.
पेट्या लग्नाच्या होत्या ना.
'श्री' ढीगभर, 'चि.' आणि 'सौ. कां.' ओंजळीनं,
'कृपे'लाही तोटा नव्हता.
पण 'ख्रि'चा जोड खिळा कोण कशाला मागवेल?
पेट्या उलट्या केल्या, झटकल्या,
अकरा निघाले.
कधीतरी कुणी 'ख्रिस्ताब्द' छापला असेल.

बाबालालचाचांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"साहेब, तुमच्या देवाला खिळं कमी पडलं की."
पप्पा आधी हसले.
मग त्या संध्याकाळी
पुन्हा काहीच बोलले नाहीत.

पुण्याहून नवे मागवायला पैसे नव्हते.
एका वेळी दोनच पानं जुळवायची, छापायची,
मोडायची, धुवायची, पुन्हा जुळवायची.
तरी अकरावा संपायचाच.
मग वाक्यातून नाव काढायचं
आणि तिथं बसवायचं 'तो'.
तो आला.
तो खाटेशी बसला.
त्यानं विचारलं, रात्री झोप लागली का?

साक्षात्कार वगैरे काही नव्हता,
टंचाई होती.

मला आठवतात त्या मुंग्या.
गुळाच्या वासानं यायच्या,
बाइंडिंगची खळ खाऊन गठ्ठ्यातच राहायच्या.
मम्मी एकेक प्रत उंबऱ्यावर आपटून द्यायची
आणि पप्पा सायकलला दोन पिशव्या अडकवून
गडहिंग्लजला, नेसरीला,
चर्च सुटल्यावर चिंचेखाली सतरंजी.
पाचशेतल्या एकशे चाळीस खपल्या.
बाकीच्या आमच्या खाटेच्या पायांखाली.
तेवढीच खाट उंच झाली,
मला खिडकीतून वखार दिसू लागली.

दोन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं, हलकर्णीहून,
कुणा गौराबाई पाटलांनी शाळेच्या पोरीकडून लिहवून घेतलेलं.
'मालक दुखण्यात होते. पुस्तक बाजारात
शेवेच्या पुडीबरोबर आलं, अर्धंच होतं.
त्यातला तो कोण ते ठावं नाही,
पण मालकांना आवडला.
पुढची पानं असतील तर धाडा.'

पप्पांनी खाटेखालची एक प्रत काढली,
मुंग्या झटकल्या,
टपालाचे पैसे बाबालालचाचांकडून उसने घेतले.

आता उद्यमनगरात चार रंगांचं मशीन आहे,
नऊ माणसं पगारावर, एकसष्ट पुस्तकं.
कर्जही आहे.
बँकेचा माणूस तिमाहीला येतो,
चहा पितो, कॅलेंडर मागून नेतो.
'ख्रि' हवे तितके मिळतात, एका बोटासरशी.
तरी लिहिताना माझा हात
अकरानंतर अडखळतो.

परवा नव्या मुद्रितशोधकानं, रोशन आवळेनं,
समासात लाल पेननं लिहिलं:
'तो' म्हणजे कोण? नाव घालावे.
मुलगा हुशार आहे. चूक त्याची नाही.

मी खणातली काड्यापेटी काढली,
टेबलावर ओतली, मोजले.
दहा.
पुन्हा मोजले. टेबलाखाली वाकून पाहिलं,
खण पूर्ण बाहेर ओढला.
खालून मशीनवाल्यानं हाक दिली, ताई, फर्मा अडलाय.

प्रूफ तसंच पाठवून दिलं.